कॅन की कुड, मस्ट की शुड? कोष्टक पाठ असूनही वाक्य का अडतं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. शाळेत मोडल क्रियापदांचं कोष्टक पाठ केलं होतं: कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो, मे म्हणजे शकेल, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. रिकाम्या जागा भरताना पूर्ण मार्क मिळायचे. आता परदेशातल्या सहकाऱ्यांशी रोज इंग्रजीत बोलावं लागतं आणि तीनदा घोटाळा झाला. मेलमध्ये 'यू मस्ट सेंड द फाइल टुडे' लिहिलंत, तर समोरून एकदम कोरडं उत्तर आलं. 'आय कुड फिनिश द रिपोर्ट यस्टरडे' म्हणालात, तर त्याने विचारलं, मग केला का नाहीस? आणि फोनवर 'आय कॅन जॉइन ॲट फोर' सांगितलंत, तर तो म्हणाला, बरं, मग कधी जमेल?

गेली बरीच वर्षं मी नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. या तीनही चुका मी इतक्यांदा ऐकल्यात की तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. तुमचं व्याकरण कच्चं नाही. कोष्टकही चुकीचं नाही, पण त्यात प्रत्येक शब्दासमोर एकच मराठी अर्थ आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. हे शब्द एकेकटे दोन-दोन कामं करतात. शिवाय त्यांचं वजन कोण कुणाला म्हणतंय यावर बदलतं, आणि कोष्टकात माणसं नसतात.

आधीच एक कबुली देते. खाली सांगतेय त्यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन बोलण्यात फरक आहेत, करारनाम्याची भाषा वेगळी, मित्रांच्या गप्पांची वेगळी. परीक्षा द्यायची असेल तर पुस्तकातला नियम पाळा. मी रोजच्या बोलण्या-लिहिण्यापुरतं सांगतेय.

पहिल्यांदा दोन कामांचं बघू. 'शी मस्ट फिनिश इट टुडे' म्हणजे तिने ते आज संपवलंच पाहिजे. 'शी मस्ट बी टायर्ड' म्हणजे ती दमली असणार. पहिल्या वाक्यात मस्ट तिच्यावर सक्ती करतं. दुसऱ्यात सक्ती कुणावरच नाही, बोलणारा आपला अंदाज किती पक्का आहे एवढंच सांगतोय. जवळपास सगळ्या मोडल क्रियापदांचा संसार असा दुहेरी आहे: एकीकडे क्षमता, परवानगी, बंधन, आणि दुसरीकडे बोलणाऱ्याची खात्री.

हे ऐकून दचकू नका, मराठीतही हेच चालतं. 'तो पोहू शकतो' ही क्षमता, 'पाऊस पडू शकतो' हा अंदाज. पावसाच्या अंगात काही कौशल्य आहे असं आपण म्हणत नसतो. 'तू त्याला भेटायला हवंस' हा सल्ला, पण 'एव्हाना गाडी यायला हवी' ही अपेक्षा. इंग्रजीतलं शुड तंतोतंत असंच वागतं: 'यू शुड मीट हिम', आणि 'द ट्रेन शुड बी हिअर बाय नाउ'. त्यामुळे वाक्य अडलं की मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हा विचारायला लावते: मी माणसावरच्या बंधनाबद्दल बोलतोय की माझ्या खात्रीबद्दल?

खात्रीच्या बाजूला मराठी माणूस कुठे घसरतो ते आता सांगते, कारण चुका ठरावीक आहेत. एक म्हणजे 'असेल'. 'तो घरी असेल' याचं इंग्रजी आपण झटकन 'ही विल बी ॲट होम' करतो. ते चूक नाही, ब्रिटिश लोक दारावरची घंटा वाजली की 'दॅट विल बी द पोस्टमन' असं म्हणतातही. पण मागचा-पुढचा संदर्भ नसेल तर ऐकणाऱ्याला ते भविष्यकाळातलं वाटतं. तुमच्या मनात नक्की काय आहे ते आधी ठरवा. घरी असणारच, गाडी दारात दिसतेय: 'ही मस्ट बी ॲट होम'. या वेळी असायला हवा: 'ही शुड बी ॲट होम'. असेलही, नसेलही: 'ही मे बी' किंवा 'ही माइट बी'. मे आणि माइट यांत टक्केवारीचा फरक शिकवणारे लोक आहेत. मला रोजच्या बोलण्यात तसा फरक फारसा आढळलेला नाही, माइट किंचित सैल वाटतं इतकंच. आणि घरी असणं शक्यच नाही, आत्ताच रस्त्यात दिसला: 'ही कान्ट बी ॲट होम'. इथे 'मस्ट नॉट बी' म्हणायचा मोह होतो, पण पक्क्या अंदाजातल्या मस्टच्या उलट सहसा कान्ट येतं.

दुसरी चूक पावसाची. 'उद्या पाऊस पडू शकतो' याचं आपण 'इट कॅन रेन टुमॉरो' करतो. होकारार्थी कॅन हे 'असं घडत असतं' या सर्वसाधारण शक्यतेला चालतं: 'विंटर्स कॅन बी हार्श', हिवाळे कडक असू शकतात. ठरावीक दिवशी ठरावीक गोष्ट घडेल का, असा अंदाज असेल तर मे, माइट किंवा कुड लागतं: 'इट माइट रेन टुमॉरो'. मराठीत दोन्हीकडे 'शकतो' आहे, म्हणून ही चूक आपल्याला कानाने कधीच कळत नाही. ती लक्षात ठेवूनच टाळावी लागते.

आता तुमच्या कुडकडे वळू. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथेच.

कोष्टक सांगतं की कुड हा कॅनचा भूतकाळ, वुड हा विलचा, माइट हा मेचा, शुड हा शॅलचा. इतिहास म्हणून हे खरं आहे. आजच्या वापरात मात्र हे शब्द काळ सांगण्यापेक्षा अंतर सांगतात. काळाचं अंतर हा त्यातला फक्त एक प्रकार. दुसरं अंतर वास्तवापासूनचं आणि तिसरं समोरच्या माणसापासूनचं. 'कुड यू ओपन द विंडो?' यात भूतकाळ कुठे आहे? खिडकी आत्ताच उघडायची आहे. बोलणारा फक्त एक पाऊल मागे सरकून विचारतोय, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहील.

तुम्ही स्वतः मराठीत हे दिवसातून दहादा करता. कुणाच्या तरी टेबलापाशी जाऊन म्हणता, 'जरा काम होतं तुमच्याकडे.' काम होतं कुठे, आत्ता आहे! फोनवर म्हणता, 'मी काय म्हणत होतो...' तोवर तुम्ही काहीच म्हटलेलं नसतं. 'एक विचारायचं होतं' हेही तसंच. भूतकाळ वापरून आपण विनंतीची धार बोथट करतो. इंग्रजीत तेच काम कुड आणि वुडवर सोपवलंय. हे एकदा लक्षात आलं की 'कुड म्हणजे शकलो' हे पाठांतर आपोआप सुटतं, असा माझा अनुभव आहे.

वास्तवापासूनचं अंतर आपण 'असता'ने दाखवतो. 'मी आलो असतो' म्हणजे आलो नाही. 'आय वुड हॅव कम.' 'मी करू शकलो असतो' म्हणजे केलं नाही. 'आय कुड हॅव डन इट.' 'मला सांगायला हवं होतंस' म्हणजे सांगितलं नाहीस. 'यू शुड हॅव टोल्ड मी.' इथे मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात.

मग 'आय कुड फिनिश द रिपोर्ट यस्टरडे' मध्ये काय बिघडलं? तुम्हाला म्हणायचं होतं, काल रिपोर्ट संपवू शकलो, म्हणजे संपला. पण होकारार्थी कुड भूतकाळात बहुधा अंगातली सर्वसाधारण क्षमता सांगतं: 'आय कुड स्विम व्हेन आय वॉज फाइव्ह', पाच वर्षांचा असताना मला पोहता यायचं. एकदाच घडलेलं, पार पडलेलं काम सांगायचं असेल तर 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' वापरायचं: 'आय मॅनेज्ड टू फिनिश द रिपोर्ट यस्टरडे'. नुसतं कुड ऐकून समोरच्याच्या कानात 'कुड हॅव'ची सावली पडली. करू शकला असता, पण केला नाही, असं त्याला वाटलं. मराठीत 'यायचं', 'शकलो' आणि 'शकलो असतो' हे तीन स्वच्छ वेगळे आहेत. या बाबतीत आपली भाषा जास्त नीटस आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. नकारात मात्र हा पेच नाही. 'आय कुडन्ट फिनिश इट' सरळ चालतं. 'आय कुड हिअर हिम', 'आय कुड सी द रोड' अशी ऐकण्या-पाहण्याची वाक्यंही बिनधास्त वापरा.

जाता जाता एक गंमत. कुडच्या स्पेलिंगमधला एल मुळातला नाही. कॅनमध्ये एल नाही, मग कुडमध्ये कुठून येणार? शुड आणि वुडमध्ये तो शॅल-विलकडून वारशाने आलेला. त्या दोघांच्या संगतीने तो कुडमध्येही घुसला आणि उच्चार न होता बसून राहिला. कॅनचा जुना अर्थ 'माहीत असणं' असा होता. आपण 'मला पोहता येतं' म्हणतो त्यातल्या 'येतं'च्या बराच जवळ.

इथवर दोन गोष्टी झाल्या: बंधन की खात्री, हा पहिला प्रश्न, आणि किती अंतर राखायचंय, हा दुसरा. तुमचं मस्टचं मेल या दुसऱ्या प्रश्नात अडकलं.

मस्टमध्ये सक्ती बोलणाऱ्याच्या तोंडून येते. 'यू मस्ट सेंड द फाइल' म्हणजे मी ठरवलंय आणि तू करायचंस. बरोबरीच्या सहकाऱ्याला हे हुकमासारखं लागतं. 'हॅव टू'मध्ये सक्ती सहसा बाहेरून येते, नियमामुळे, वेळेमुळे, परिस्थितीमुळे. मराठीत 'मला जावं लागतं' म्हणताना आपण असंच हात वर करतो. बोलण्यात हा भेद काटेकोर पाळला जातो असं नाही, पण मेलमध्ये तो जाणवतो. 'वी हॅव टू सबमिट इट बाय फाइव्ह' यात दोघंही एकाच घड्याळाखाली येतात, कुणी कुणावर चढत नाही.

तरीही मस्ट म्हणजे उद्धट, असा नवा नियम करून घेऊ नका. 'यू मस्ट कम अँड सी अस' हे आग्रहाचं, प्रेमाचं निमंत्रण आहे. 'यू मस्ट ट्राय धिस' तसंच. शब्द तोच, मग एका ठिकाणी तो टोचतो आणि दुसऱ्या ठिकाणी गोड का लागतो? माझा ठोकताळा असा: काम झाल्यावर फायदा कुणाचा? ऐकणाऱ्याचा असेल तर जोर म्हणजे आपुलकी. बोलणाऱ्याचा असेल तर जोर म्हणजे दादागिरी. आपणही 'आलंच पाहिजे हं!' असं दटावून बोलावतो तेव्हा कुणाला राग येत नाही. तोच 'च' लावून 'फाइल आजच पाठवली पाहिजे' म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

नकारात मस्ट आणि हॅव टू यांची वाट पार वेगळी होते, आणि तिथली चूक महागात पडते. 'यू मस्ट नॉट फिल धिस कॉलम' म्हणजे हा रकाना भरता कामा नये. 'यू डोन्ट हॅव टू फिल धिस कॉलम' म्हणजे भरायची गरज नाही, भरलात तरी चालेल. माझ्या एका विद्यार्थ्याने सूचनापत्रकात दुसऱ्याच्या जागी पहिलं लिहिलं. लोकांनी जो रकाना ऐच्छिक होता तो कटाक्षाने कोरा ठेवला आणि नंतर माहिती पुन्हा गोळा करावी लागली. गडबड होते ती 'नको' या शब्दामुळे. 'भरायला नको' यातून दोन्ही अर्थ निघू शकतात. इंग्रजीत लिहिण्याआधी मनातल्या 'नको'चं 'कामा नये' किंवा 'गरज नाही' करून बघा, योग्य रूप आपोआप सुचेल. आणि मस्टला स्वतःचा भूतकाळ नाही, ते मुळात एक जुनं भूतकाळी रूपच आहे. 'काल जावं लागलं' साठी 'हॅड टू गो'.

तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर एक अपवाद ठाऊक असलेला बरा. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ नावाचा छोटा दस्तऐवज निघाला. त्यात मस्ट, शुड आणि मे या शब्दांचे अर्थ ठरवून दिलेत: मस्ट म्हणजे अनिवार्य, शुड म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय टाळू नये असं, मे म्हणजे पूर्ण ऐच्छिक. तशा कागदपत्रात मस्ट पाहून कुणी रुसत नाही. गंमत अशी की दिवसभर ती मानकं वाचणारे लोकच संध्याकाळच्या मेलमध्ये सहकाऱ्याला मस्ट लिहून बसतात.

वुडबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. 'आय वुड बी कमिंग टुमॉरो' असं लिहू नका. विलपेक्षा वुड जास्त सभ्य, या समजुतीने आपण ते सगळीकडे पेरतो. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस मात्र पुढच्या 'इफ' किंवा 'बट'ची वाट बघत राहतो: येणार असता, पण काय? स्वतःचं ठरलेलं सांगताना 'आय विल' किंवा 'आय ॲम कमिंग' पुरे. सभ्यपणा विनंतीत दाखवा, बातमीत नको. जुन्या सवयी सांगताना वुड छान लागतं, 'आजोबा रोज फिरायला जायचे' मधल्या 'जायचे'सारखं: 'ही वुड गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग'. पण राहणं, असणं, आवडणं अशा स्थितींना ते चालत नाही, तिथे 'यूज्ड टू' घ्या.

शॅलचा बाऊ करू नका. पहिल्या पुरुषाला शॅल आणि बाकीच्यांना विल, या नियमाचं मूळ जॉन वॉलिस यांच्या १६५३ सालच्या, लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणापर्यंत जातं. आज बोलताना तो फारसा कुणी पाळत नाही. एक उपयोग मात्र कामाचा आहे. 'मी दार उघडू का?' या मराठी वाक्यात दोन हेतू दडलेत. तुमच्यासाठी उघडू का, अशी तयारी दाखवायची असेल तर 'शॅल आय ओपन द डोर?', आणि मला उघडायचंय, चालेल ना, अशी परवानगी हवी असेल तर 'कॅन आय' किंवा 'मे आय'. परवानगीसाठी मे जास्त औपचारिक, पण कॅन म्हणणं अशुद्ध आहे ही समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही. रचनेचे नियम तुम्हाला येतातच, फक्त 'कॅन एबल टू' आणि 'विल कॅन' या दोन जोड्या बोलण्यातून हद्दपार करा. 'करू शकेन' हे 'विल बी एबल टू' किंवा नुसतं 'कॅन'.

तर तुमचं मेल मी असं लिहिलं असतं: 'कुड यू सेंड द फाइल टुडे? आय नीड इट बिफोर द फोर ओ'क्लॉक कॉल.' विनंतीत कुड आणि पाठोपाठ कारण. कारण दिलं की जोर द्यायला मोडल शोधावं लागत नाही. हेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागायची वेळ आली असेल, तर 'वी रिअली नीड द फाइल टुडे' म्हणा. त्यातही मस्ट नाही, पण समोरच्याला अर्थ पुरता कळतो.

राहिला फोनवरचा कॅन. ते व्याकरण नव्हेच, उच्चार आहे. होकारार्थी वाक्यात इंग्रजी बोलणारे कॅनवर जोर देत नाहीत, तो आखडून 'कन' होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो: 'आय कन जॉइन'. नकारात उलट, कान्ट पूर्ण आणि ठसठशीत येतं, त्यातला शेवटचा ट बऱ्याचदा गिळलेला असतो. तुम्ही स्पष्ट बोलायचं म्हणून कॅनवर जोर दिलात, आणि त्याच्या कानाने तो जोर म्हणजे नकार असं धरलं. 'आय कन जॉइन' दहा-वीस वेळा मोठ्याने म्हणून बघा, सुरुवातीला अर्धवट बोलल्यासारखं वाटेल. आणि लाइन खराब असेल तर सरळ 'येस, फोर इज फाइन' म्हणून मोकळे व्हा, तिथे मोडल हवंय कशाला.